स्वतःसाठी वेळ काढायचा, पण जबाबदारी कोणाच्या हाती देऊन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, पूर्ण वेळ नोकरी, दोन शाळकरी मुलं आणि दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाल्यापासून वडील तुमच्याकडेच. नवरा सांगितलं तर करतो, धाकटा भाऊ अधूनमधून येतो. ‘स्वतःकडेही बघ जरा’ असं डॉक्टरांपासून मैत्रिणींपर्यंत सगळे सांगतात. वेळ काढायचा कुठून, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि कधी काढलाच तर मन खात राहतं. शेवटी तुम्ही लिहिलं आहे, “रात्री सगळे झोपले की तासभर मोबाईल बघत पडते, तेवढाच काय तो माझा वेळ.”

मी २२ वर्षं समुपदेशन करते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांबरोबर गेली आहेत. या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

रात्रीचा तो तास म्हणजे आळस नव्हे. अख्ख्या दिवसात तेवढा एकच तास असा असतो की कोणी हाक मारत नाही. मुलं झोपलेली असतात, बाबांचं शेवटचं औषध झालेलं असतं, ऑफिसचे मेसेज थांबलेले असतात. डोळे मिटत आले तरी तो तास सोडवत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये नेमक्या या सवयीवर अभ्यास प्रसिद्ध केला: बाहेरची काही अडचण नसताना झोपेची वेळ आपणच पुढे पुढे ढकलत राहणं. माझ्याकडे येणाऱ्यांत ही सवय सगळ्यात जास्त कोणाला असते, तर ज्यांच्या दिवसावर दिवसभर दुसऱ्यांचाच ताबा असतो त्यांना.

अडचण एवढीच, की हा तास झोपेतून कापलेला असतो. प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप हवी. तुम्ही साडेबारा-एकला झोपून साडेपाचला उठता, म्हणजे पाच तासही धड होत नाहीत. २००३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज ६ किंवा ४ तासच झोपू दिलं. दोन आठवड्यांनी त्यांचं लक्ष आणि हातातल्या कामापुरतं डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी ढासळली होती. याहून महत्त्वाचं म्हणजे, पहिल्या काही दिवसांनंतर त्यांना स्वतःला मात्र झोप फारशी अपुरी वाटत नव्हती. ‘मला पाच तास पुरतात, सवय झाली आहे’ हे मी जवळजवळ रोज ऐकते. सवय त्या थकव्याच्या जाणिवेची झालेली असते. शरीराची गरज होती तेवढीच राहते.

तरीही, उद्यापासून तो तास बंद करा असं मी सांगणार नाही. अनेक जण आधी हेच सांगतात, की मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दहाला झोपा. तुमचा एकमेव हक्काचा तास काढून घेतला आणि बदल्यात काहीच दिलं नाही, तर चार दिवसांत मोबाईल उशाशी परत येतो. तो तास आधी दिवसाच्या उजेडात आणायचा. तो तिथे टिकला की रात्रीचा तास सुटणं सोपं जातं.

आता तो आणायचा कुठून?

यासाठी मी प्रत्येकाला एक कागद भरायला सांगते. कामाचे दोन दिवस आणि सुटीचा एक दिवस. डाव्या बाजूला पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, त्यापुढे त्या वेळात काय केलं ते. इथपर्यंत नवीन काही नाही. उजवीकडच्या रकान्यात मात्र एकच प्रश्न असतो: या वेळात घरात हाक आली असती, तर कोणाला उठावं लागलं असतं?

काही वर्षांपूर्वी एक बाई हा कागद भरून घेऊन आल्या होत्या (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). आई अंथरुणाला खिळलेली, घरात भाऊ आणि भावजय. कागदावर दुपारी चाळीस मिनिटं मोकळी होती, संध्याकाळी वीस. ‘वेळ नाही’ म्हणावं असं काही दिसत नव्हतं. पण उजवा रकाना वरपासून खालपर्यंत ‘मीच, मीच, मीच’ असा भरलेला. सकाळी सहा चाळीस ते सहा पन्नास आंघोळ होती, त्याच्यापुढेही ‘मीच’. मी विचारलं, आंघोळीच्या वेळी कशा उठणार? त्या म्हणाल्या, “मी कडी लावत नाही. कडी लावली तर आई पडली तरी ऐकू येणार नाही असं वाटतं.” तीन वर्षं त्या दार नुसतं लोटून आंघोळ करत होत्या, आणि त्या वेळी भाऊ शेजारच्या खोलीत असे.

त्यांची दुपारची चाळीस मिनिटं रिकामी होती, पण मोकळी नव्हती. कान सतत दाराकडे असले की माणूस दिवाणावर आडवा पडूनही कामावरच असतो. म्हणूनच ‘दिवसातून पंधरा मिनिटं स्वतःला द्या’ हा सल्ला तुमच्यासारख्यांच्या बाबतीत कोरडा पडतो. पंधरा मिनिटं तर असतात. त्या पंधरा मिनिटांपुरती जबाबदारी खांद्यावरून उतरलेली नसते.

रुग्णालयात नर्सची कामाची पाळी संपते तेव्हा काय होतं ते आठवून बघा. जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला प्रत्येक खाटेपाशी नेते. काय दिलं, काय द्यायचं आहे, कशावर लक्ष ठेवायचं ते सांगते, आणि निघून जाते. त्यानंतर त्या खाटेवरची घंटा वाजली तर उठायचं ते दुसरीने. घरात अशी पाळी बदलण्याची वेळ कधी येतच नाही. तुमची पाळी दीड वर्षापूर्वी सुरू झाली आणि अजून संपलेली नाही.

म्हणून माझं सांगणं असं: वेळ शोधू नका, पाळी लावा. आणि पाळी लावायची तर मदत मागणं थांबवून जबाबदारी सोपवायला लागावं लागेल. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘सांग ना, काय करू?’ असं नवरा विचारतो तेव्हा हात त्याचे असतात, लक्ष तुमचंच. काय, कधी, किती, झालं का, नीट झालं का, हे सगळं तुमच्याच डोक्यात राहतं. अशी मदत कितीही मिळाली तरी थकवा तसूभरही उतरत नाही, आणि मग ‘एवढं करतो तरी हिचं समाधान नाही’ अशी कुरबुर सुरू होते. दोघांचंही खरं असतं.

सोपवण्याची भाषा वेगळी असते. ‘जमलं तर मंगळवारी येशील का?’ असं विचारू नका. भावाला म्हणा: “दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ बाबा पूर्ण तुझ्याकडे. तेवढा वेळ मी घरात नसेन. पहिल्या दोन वेळा मी सगळं दाखवेन, तिसऱ्या वेळेपासून बाहेर पडेन.” वार, वेळ आणि आपण घरात नसणं, हे तिन्ही या वाक्यात हवंच. घरात थांबलात तर पाळी बदलत नाही. बाबाही तुम्हालाच हाक मारतील आणि भाऊही.

आणि एक कागद लिहा. यावर मी फार भर देते, कारण पाळ्या मोडतात त्या बहुतेक इथेच. तुम्हाला जे पाठ आहे ते समोरच्याला माहीतच नसतं. पक्षाघात झालेल्या माणसाच्या बाबतीत त्यावर काय काय असावं? औषधाचं नाव, वेळ आणि गोळी कुठल्या डबीत आहे. भरवताना पाठ सरळ ठेवून बसवायचं, घास लहान, आणि खाणं झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही, कारण गिळायला त्रास असेल तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. स्वतःहून हलता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि माकडहाड व टाचांवरची त्वचा लाल झाली आहे का ते बघायचं. उठवताना लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा दुखावतो. अचानक बोलणं अडखळलं, चेहरा एका बाजूला ओढला गेला किंवा हातपाय आधीपेक्षा जास्त लुळे पडले तर वाट न बघता रुग्णवाहिका बोलवायची, आणि आधी रुग्णवाहिकेला फोन करायचा, तुम्हाला नंतर. तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांना विचारून यात बदल करा. हा कागद भिंतीवर लावा. मी तर म्हणते, तो भावाकडून लिहून घ्या. तुम्ही सांगा, त्याने त्याच्या अक्षरात लिहावं. स्वतः लिहिलेलं लक्षात राहतं आणि प्रश्न तेव्हाच विचारले जातात.

मग तुम्ही परत याल तेव्हा चादर वेगळ्या तऱ्हेने घातलेली असेल, रेडिओ मोठ्याने लावलेला असेल, बाबांचा सदरा बदलायचा राहिलेला असेल. हा क्षण फार नाजूक असतो. तुम्ही न बोलता चादर पुन्हा घातली तरी त्याचा अर्थ ‘तुला जमत नाही’ असाच पोचतो, आणि दोन-तीन वेळा असं झालं की भावाला मंगळवारी काहीतरी काम निघायला लागतं. यासाठी आधीच ठरवून टाका: औषध, भरवणं आणि पडण्याचा धोका या तीन गोष्टी कागदाप्रमाणेच व्हायला हव्यात. बाकी सगळं त्याच्या पद्धतीने. वडिलांना मुलाच्या हातची वेगळी पद्धत चालते. बहुतेक वेळा आपल्याला चालत नसते.

मन खातं, त्याबद्दल. ‘बाबा असे पडलेले आणि मी फिरायला जाऊ?’ असं वाटणं वाईट नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याचबद्दल ते वाटतं. मी कोणालाही ही भावना आधी घालवा आणि मग बाहेर पडा असं सांगत नाही, कारण घरात बसून ती जात नाही. ती घेऊनच बाहेर पडायचं. चार-सहा वेळा बाहेर जाऊन आलं, बाबा ठीक आहेत हे डोळ्यांनी दिसलं, की तिची धार कमी होत जाते. तरीही ज्यांना हे पटत नाही त्यांना मी एक अभ्यास सांगते. १९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या वृद्धांवर चार वर्षं ठेवलेल्या नजरेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काळजी घेताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण काळजी घ्यावी न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त होतं. काळजी घेत होते पण ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा फरक दिसला नाही. ती माणसं तुमच्यापेक्षा निदान पंचवीस वर्षांनी मोठी होती, त्यामुळे तो आकडा तुमच्यावर लावू नका. पण ताण हा नुसता मनाचा खेळ आहे असं समजून तो रेटत राहणंही बरोबर नाही, हे त्यातून कळतं.

कोणीच नसेल तर? तुम्हाला नवरा आहे, भाऊ आहे. पण हे उत्तर वाचणाऱ्या कित्येकांना नसेल. एकटीने मुलं वाढवणारी आई, परगावी आईवडिलांपाशी एकटा राहिलेला मुलगा. त्यांना ‘पाळी लावा’ म्हणणं क्रूर आहे हे मला माहीत आहे. तिथे दोनच वाटा उरतात. पैशांची थोडी सोय असेल तर आठवड्यातून तीन-चार तासांसाठी काळजीवाहक ठेवणं, आणि तो खर्च औषधाच्या खर्चाइतकाच आवश्यक धरणं. नसेल तर कामं कमी करणं. कमी म्हणजे खरोखर सोडून देणं: इस्त्री, रोजची फरशी, नातेवाइकांची प्रत्येक बोलावणी, मुलांच्या शाळेतली ऐच्छिक कामं. वाचलेला वेळ दुसऱ्या कुठल्याही कामाला न देता थेट झोपेत घालायचा. अशा काळात व्यायाम, छंद, ध्यान यांतलं काहीच झालं नाही तरी चालेल. झोप मात्र राखा.

ऑफिसबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, की घरी आल्यावरही डोक्यात काम चालू असतं. त्यावर एक साधी गोष्ट करा. निघण्याआधी पाच मिनिटं, वहीत उद्याची कामं लिहा, आणि प्रत्येकापुढे पहिलं पाऊल काय ते लिहा. ‘अहवाल’ एवढंच लिहून भागत नाही. ‘सकाळी आल्यावर अहवालाचे मार्चचे आकडे मागवायचे’ असं लिहावं लागतं. अर्धवट काम मनात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे ठरवून टाकलं की तेवढ्यानेच त्याचा तगादा कमी होतो. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत हेच दिसलं, काम पूर्ण झालेलं नसतानाही. रात्री अंथरुणावर कामांची यादी डोक्यात फिरत असेल तर हीच युक्ती झोपण्यापूर्वीही चालते.

शरीराचं थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे, आणि हा आकडा ऐकूनच माणूस खचतो. पण २०२० मध्ये ही शिफारस नव्याने मांडताना ‘एका वेळी निदान दहा मिनिटं सलग हवीत’ ही आधीची अट काढून टाकली. म्हणजे चार जिने चढलात तेही धरायचे, बसथांब्यापर्यंत झपाझप चाललात तेही. वेगळे कपडे, वेगळी जागा, वेगळा तास काही लागत नाही. चहा-कॉफी दुपारी तीननंतर टाळा. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. आणि तुमच्या स्वतःच्या राहिलेल्या तपासण्या. वडिलांच्या डॉक्टरांकडच्या सगळ्या तारखा तुम्हाला पाठ असतील. तुमचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता? पुढच्या वेळी वडिलांना न्याल तेव्हा तिथेच स्वतःचाही मोजून घ्या.

हे सगळं बसायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ साधारण ६६ दिवस होता, आणि माणसामाणसांत तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत वेगवेगळा. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली, असं त्यात दिसलं नाही. म्हणून भावाचा एक मंगळवार हुकला, मूल आजारी पडलं, तर ‘माझं कधीच काही होत नाही’ असा निकाल देऊ नका. शुक्रवार आहे.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या बाहेरची आहे. सलग दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा आधी आवडायच्या त्या कशातच रस वाटत नसेल; झोपायला मिळूनही झोप लागत नसेल; वडिलांवर हात उगारावासा वाटत असेल; ‘मी नसले तर बरं’ असं मनात येत असेल, तर तो नुसता थकवा समजू नका आणि वेळापत्रक सुधारून तो जाईल याची वाट बघू नका. डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि शेवटचे दोन विचार येत असतील तर आजच, घरातल्या कोणाला तरी सांगून, बरोबर घेऊन. हात उगारावासा वाटला हे सांगायला लोक फार लाजतात. माझ्यासमोर बसलेल्या अनेक चांगल्या मुलांनी आणि मुलींनी ते सांगितलेलं आहे. वेळेवर सांगितलं म्हणूनच पुढचं टळलं.

राहिला बाहेर पडण्याचा पहिला मंगळवार. ‘बाहेर पडून करू काय?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि दीड वर्षानंतर तो पडणं साहजिक आहे. काही ठरवून जाऊ नका. योगवर्ग, पार्लर, मैत्रीण, काहीच नको. पहिल्या दोन-तीन वेळा बहुतेक जण नुसते कुठेतरी बसतात, दर दहा मिनिटांनी फोन बघतात, काहींना रडू येतं, एकाला बागेतल्या बाकावर झोप लागली होती. तसंच होऊ द्या. फोन बंद करू नका, पण भावाला सांगून ठेवा की कागदावर उत्तर नसेल तरच फोन करायचा. साडेसातच्या सुमारास परत फिरावंसं वाटेल, घर ओढून घेईल. आठ वाजेपर्यंत थांबा.